तांबी बसवायचीय? आधी काय, टेबलावर काय आणि पुढची दहा वर्षं काय

या आखाजीला (म्हणजे अक्षय तृतीयेला) माहेरी गेले होते चोपडा तालुक्यात, आणि दुपारची जेवणं झाल्यावर आम्ही सात-आठ जणी ओट्यावर बसलो होतो. निंबाला झोका बांधलेला होता पण त्या उन्हात त्यावर बसणार कोण, आपल्याकडचं वैशाखाचं ऊन काय असतं ते सांगायला नको. बोलता बोलता विषय तांबीवर, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून पिशवीत (गर्भाशयात) बसवतात त्या कॉपर-टीवर आला. चौघींना बसवलेली होती. मी सहज विचारलं, कोणती बसवलीय ग, किती वर्षांची, तर एकीलाही धड सांगता येईना. एक म्हणे तीन वर्षांची असंल, एक म्हणे नर्सबाईने सांगितलं होतं पण आता ध्यानात नाही, तिसरीला तर बसवलीय हेच डिलिव्हरीनंतर दोन महिन्यांनी कळलं (ते पुढे सांगते). आणि आमची फुई (आत्या), साठीला टेकलेली, पाळी जाऊन कितीतरी वर्षं झाली, ती आरामात सुपारी कातरत म्हणे, "माले बी बसाडेल शे, काढाले कोन जास?"

मग म्हटलं लिहूनच टाकावं. मी डॉक्टर नाही, नर्स नाही, बचत गटाचे हिशोब लिहिणारी बाई आहे, पण दोनदा तांबी बसवलीय, एकदा काढलीय, आणि दोन्ही वेळेला डॉक्टरीणबाईंना एवढे प्रश्न विचारले की त्या शेवटी हसायला लागल्या. त्यातलं जे उपयोगाचं ते खाली देतेय.

तांबी म्हणजे नेमकं काय

इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा प्लॅस्टिकचा छोटा तुकडा, बोटाच्या दोन पेरांएवढा, त्याच्या दांडीवर बारीक तांब्याची तार गुंडाळलेली, आणि खालच्या टोकाला दोन नायलॉनचे दोरे. बस. हे पिशवीत बसतं आणि दोरे पिशवीच्या तोंडातून थोडेसे खाली लोंबतात. तांब्याचे अगदी सूक्ष्म कण आत सुटत राहतात आणि ते पुरुषबीजाला मारक असतात, त्याची हालचालच बिघडते, त्यामुळे ते स्त्रीबीजापर्यंत पोचत नाही, पोचलं तरी फळत नाही. म्हणजे दिवस राहिलेले पाडण्याचं काम तांबी करत नाही, ती मुळात राहूच देत नाही. हे मुद्दाम लिहितेय कारण माझ्या सासूबाईंचा पहिला आक्षेप हाच होता की हे पाप आहे म्हणून.

यात हार्मोन नसतं. त्यामुळे पाळी दर महिन्याला आपली आपली येते, अंगावरचं दूध कमी होत नाही, आणि ज्यांना बीपी आहे, अर्धशिशीचा त्रास आहे, ज्यांना डॉक्टर गर्भनिरोधक गोळ्या नको म्हणतात, त्यांनाही बहुतेक वेळा ही चालते. वजन वाढतं म्हणतात ते हिच्यामुळे नाही. डिलिव्हरीनंतर वाढलेलं वजन आपण तांबीच्या नावावर टाकतो, मी पण टाकलं होतं.

हार्मोनवाली पण एक असते, दिसायला तशीच, ती खाजगी दवाखान्यात मिळते आणि महाग असते, तिने पाळी कमी होते. ती वेगळी वस्तू आहे, तिच्याबद्दल ऐकलेलं तांबीला लावू नका आणि तांबीचं तिला लावू नका.

आता वर्षांचा हिशोब, कारण सगळी गडबड इथेच होते. सरकारी दवाखान्यात दोन प्रकारच्या मिळतात. एक ३८०ए, ती १० वर्षं चालते. दुसरी ३७५, ती ५ वर्षं. हे आकडे म्हणजे तांब्याचं क्षेत्रफळ, चौरस मिलिमीटरमध्ये, वर्षांशी त्याचा संबंध जोडू नका. खाजगीत ३ वर्षांच्या पण मिळतात. म्हणून "तांबी बसवली" एवढंच माहीत असून भागत नाही, कोणती बसवली ते माहीत पाहिजे. शंभर बायकांनी बसवली तर पहिल्या वर्षात एकीला पण दिवस राहत नाहीत इतकी ती भरवशाची आहे, पण तो भरवसा मुदतीपुरता.

आजीच्या पिढीची भीती पण समजून घ्या. १९६५ मध्ये सरकारने गावोगाव लूप बसवायला सुरुवात केली होती, तो नुसता प्लॅस्टिकचा, नागमोडी आकाराचा, त्याला तांबं नव्हतंच. किती जणींना धड न तपासता, न सांगता बसवले आणि नंतर रक्त जायला लागलं तर विचारायला कोणी नाही. तिथून "पोटमा चढी जास" (पोटात चढून जाते) वगैरे जे सुरू झालं ते आजपर्यंत. तांब्याची टी त्यानंतर आली.

कोणी बसवू नये

सगळ्यात आधी, दिवस राहिल्याची शंका असेल तर नाही (असुरक्षित संबंध नुकताच झाला असेल तर ते वेगळं, खाली लिहिलंय). पिशवीला किंवा नळ्यांना इन्फेक्शन चालू असेल, म्हणजे ओटीपोटात दुखतंय, ताप आहे, अंगावरून पिवळं-हिरवं घाण वासाचं जातंय, तर आधी उपचार आणि मग तांबी. पाळीव्यतिरिक्त मधेच रक्त जातंय आणि कारण माहीत नाही, तर कारण शोधल्याशिवाय नाही. पिशवीत मोठी गाठ असेल आणि त्याने पिशवीचा आकारच बिघडला असेल, पिशवीचा किंवा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर, पिशवीचा टीबी, यात पण नाही. तांब्याची अॅलर्जी किंवा विल्सन नावाचा एक दुर्मिळ आजार असतो ज्यात शरीरात तांबं साठत जातं, त्यात नाही.

आणि आता आपल्याकडचा मुद्दा, यावर जरा थांबते. रक्त कमी असणं. कापूस वेचायला जाणाऱ्या, केळीचे घड वाहणाऱ्या, सकाळी एक भाकर आणि दिवसभर चहावर निघणाऱ्या बायका आपण, कितीजणींचं एचबी (हिमोग्लोबिन) दहाच्या वर असतं? तांबीने पहिले काही महिने पाळीला जास्त रक्त जातं, हे होतंच, यात लपवण्यासारखं काही नाही. ज्यांना आधीच पाळीला खूप जातं, एचबी सात-आठ आहे, त्यांनी बसवण्याआधी रक्त तपासून घ्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा की मला ही झेपेल का. कधी कधी ते आधी दोन-तीन महिने लोहाच्या गोळ्या देतात आणि मग बसवतात. तोपर्यंत निरोध, किंवा छाया गोळी, ती पण सरकारी दवाखान्यात फुकट आणि बिगर-हार्मोनचीच.

सातपुड्याच्या बाजूला, नंदुरबार जिल्ह्यात धडगाव-अक्कलकुवा, धुळ्यात शिरपूर, जळगावात चोपडा-यावल, इथल्या पाड्यांवर सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) बऱ्याच घरात आहे. सिकलसेल असली म्हणजे तांबी बंदच असं नाही, पण रक्त आधीच कमी असतं त्यात पाळी वाढली तर जड जातं, म्हणून तपासणीचं कार्ड सोबत न्या आणि बसवण्याआधी दाखवा. टेबलावर झोपल्यावर सांगू नका, आधी सांगा.

उलट काही जणींना उगीचच नाही म्हणतात. मूल नसलेल्या बाईलाही बसवता येते. सिझर झालेलीला बसते, फक्त सिझर झालंय ते सांगायचं. शुगर असलेलीला बसते. अंगावर पाजणारीला बसते.

कधी जायचं

पाळी सुरू झाल्यापासून बाराव्या दिवसापर्यंत कधीही, आणि त्यानंतर सुद्धा, फक्त दिवस राहिलेले नाहीत याची खात्री पाहिजे. पाळी चालू असतानाच बसवतात हा समज आहे, नियम नाही. पाळीत पिशवीचं तोंड जरा मऊ असतं आणि गर्भ नाही हे नक्की असतं म्हणून काहींना ते सोपं वाटतं, एवढंच.

डिलिव्हरी दवाखान्यात झाली तर वार पडल्यावर लगेच किंवा ४८ तासांच्या आत बसवतात. ४८ तास उलटले की मग सहा आठवडे थांबायचं. लगेच बसवण्यात फायदा असा की परत यायचं झंझट नाही, आपल्याकडे सव्वा महिना संपला की बाई घराबाहेर पडतेय कुठे, आणि तोवर पुन्हा दिवस राहून बसतात. तोटा असा की अशा वेळी बसवलेली निसटून पडायचा संभव जास्त. दोन्ही माहीत असू द्या.

गर्भपात झाला असेल, केला असेल, तर पिशवीत काही उरलेलं नाही आणि इन्फेक्शन नाही हे बघून तेव्हाच किंवा पुढच्या बारा दिवसात बसवता येते.

आणि हे फार कमी जणींना माहीत असतं, निरोध फाटला किंवा वापरलाच नाही, तर ५ दिवसांच्या आत तांबी बसवली तर दिवस राहत नाहीत. ७२ तासांच्या गोळीपेक्षा हे जास्त पक्कं आहे आणि पुढची वर्षं पण निघतात. फक्त त्या पाच दिवसात दवाखाना गाठला पाहिजे, गुरुवार-शुक्रवार करत बसायचं नाही.

आता ती तिसरीची गोष्ट, माझी चुलत बहीण. तिला डिलिव्हरीच्या वेळी बसवून टाकली, विचारलं होतं का तर कळा चालू असताना कोणीतरी काहीतरी कागद पुढे केला होता, सही केली होती, काय होता माहीत नाही. दोन महिन्यांनी पोटात दुखतंय म्हणून दुसरीकडे सोनोग्राफी केली तेव्हा कळलं. दवाखान्याचं नाव घेत नाही, पण हे चूक आहे, शंभर टक्के चूक. तांबी बसवायला तुमची संमती लागते आणि ती कळा चालू असताना घ्यायची नसते, आधी नऊ महिने तपासण्यांना जातोय ना आपण, तेव्हाच बोलायचं. गरोदर असाल तर सातव्या-आठव्या महिन्यातच ठरवा, हो किंवा नाही, आणि कार्डावर लिहून घ्या. आणि नवऱ्याची सही? लागत नाही. घरात बोलून ठरवलं तर चांगलंच, पण कोणी "मिस्टरांना घेऊन या, त्याशिवाय बसवणार नाही" म्हटलं तर तसा नियम नाही हे शांतपणे सांगा.

कुठे, किती पैसे

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जळगाव-धुळे-नंदुरबारचं सिव्हिल, इथे फुकट. ट्रेनिंग घेतलेली सिस्टर असेल तर उपकेंद्रात पण बसवतात. आशाताईला विचारा की कोणत्या दिवशी बसवणारी सिस्टर असते, नाहीतर भाड्याचे पैसे घालवून जायचं आणि "आज मॅडम मीटिंगला गेल्या" ऐकून परत यायचं. खाजगीत पैसे लागतात आणि प्रत्येकाचा रेट वेगळा, म्हणून तांबीचे किती, बसवायचे किती, तपासणीचे किती हे आधीच विचारा, लाजायचं काय त्यात.

माझी पहिली खाजगीत बसवली होती. बाई चांगल्या होत्या, हात हलका होता, पण कार्ड दिलं नाही. मी पण मागितलं नाही. तीन वर्षांनी दुसऱ्या मुलासाठी काढायला दुसऱ्या गावात गेले तर तिथल्या मॅडमनी विचारलं कोणती होती, मला सांगता येईना, शेवटी काढल्यावर बघून त्यांनी सांगितलं ३७५. म्हणजे मी तिला १० वर्षांची समजून बसले होते! मूल नको असतं तर पाच वर्षांनंतर पण मी निर्धास्त राहिले असते.

टेबलावर काय होतं

घरून पोटभर खाऊन निघा, उपाशी जाऊ नका, चक्कर येते ती बहुतेक उपाशीपणाने आणि भीतीने. सोबत कोणीतरी न्या, जाऊबाई, बहीण, नवरा, कोणी पण. डॉक्टरांनी सांगितली असेल तर आयबुप्रोफेनसारखी दुखण्याची गोळी तासभर आधी घ्यायची, पण अल्सर, दमा, किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नको. लघवीला जाऊन या. साडी किंवा सैल ड्रेस बरा पडतो, जीन्स घालून जाऊ नका.

आत गेल्यावर आधी हाताने तपासतात, एक हात पोटावर आणि दोन बोटं आत, पिशवी पुढे झुकलीय का मागे ते कळायला. मग बदकाच्या चोचीसारखा चिमटा आत घालून उघडतात म्हणजे पिशवीचं तोंड दिसतं. थंड लागतं, दुखत नाही, पण अंग आखडलं तर दुखतं. मग तोंड औषधाने पुसतात, गार आणि पिवळं असतं ते औषध, कपड्याला लागतं. मग तोंडाला एका चिमट्याने धरतात, इथे एक कळ. मग बारीक सळईने पिशवीची लांबी मोजतात, इथे दुसरी कळ, ही जरा जोरात, पाळीच्या पहिल्या दिवशी येते तशी पण एकदम. मग तांबी पातळ नळीत घालून आत नेतात, नळी मागे ओढली की टी चे हात आत उघडतात. तिसरी कळ. मग दोरे तीन-चार सेंटिमीटर ठेवून कापतात. झालं. सगळं मिळून पाच-दहा मिनिटं.

मला पहिल्या वेळी जास्त दुखलं, दुसऱ्या वेळी कमी. माझ्या नणंदेला काहीच कळलं नाही, आणि एका मैत्रिणीला इतकी चक्कर आली की अर्धा तास झोपवून ठेवलं. कोणी "काहीच होत नाही" म्हणत असेल तर सगळ्यांसाठी ते खरं नाही आणि कोणी "मरणाचं दुखतं" म्हणत असेल तर ते पण नाही. श्वास हळू सोडायचा, कंबर टेबलाला टेकवून ठेवायची, आणि सहन झालं नाही तर थांबा म्हणायचं. थांबतात. न थांबणाऱ्याकडे परत जाऊ नका.

टेबलावरून लगेच उठू नका, दहा-पंधरा मिनिटं पडून राहा. आणि उठायच्या आधी तीन गोष्टी विचारा, कोणती तांबी, कोणत्या महिन्यात कोणत्या वर्षी काढायची, आणि परत दाखवायला कधी यायचं. कार्ड मागा. नाही म्हणाले तर केसपेपरवर लिहून घ्या. तांबीचं रिकामं पाकीट मागितलं तर ते पण देतात, त्यावर सगळं छापलेलं असतं. आणि तिथेच मोबाईलमध्ये फोटो काढून घ्या, कागद काय, आपल्या घरात कांदे ठेवायला पण जातो.

पहिले सहा महिने

त्या दिवशी पोटात मुरडा येतो, थोडं रक्त जातं, दोन-चार दिवस डाग पडतात. गरम पाण्याची पिशवी, दुखण्याची गोळी, आणि त्या दिवशी पाण्याचे हंडे-बिंडे नको, एवढं पुरे. तांबीचं काम बसवल्यापासूनच सुरू होतं. संबंधाला बरेच डॉक्टर दोन-चार दिवस थांबायला सांगतात, ऐका, काही बिघडत नाही.

पहिले तीन ते सहा महिने पाळी जास्त जाते, चार दिवसांची सहा दिवस होते, पोट-कंबर दुखते, मधेच डाग पडतात. हाच तो काळ जेव्हा बहुतेक जणी कंटाळून काढून टाकतात. माझं असं मत आहे की आधी कोणी नीट सांगितलं असतं तर निम्म्या थांबल्या असत्या, कारण न सांगता रक्त वाढलं की माणूस घाबरतंच. यावर औषध आहे, पाळीच्या दिवसांत घ्यायची मेफेनॅमिक किंवा ट्रानेक्झॅमिकची गोळी डॉक्टर लिहून देतात, मेडिकलवाल्याला विचारून स्वतःच घेऊ नका. पण तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय, असं दोन-तीन तास चालू आहे, गाठी पडताय, उठल्यावर अंधारी येतेय, तर ते सहन करायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. आणि सहा महिने झाले तरी कमी होत नाही, एचबी उतरतंय, तर काढा, दुसरं साधन बघा. तांबीशी आपलं लग्न नाही लागलेलं.

खाण्याचं सांगायचं तर मेथी, शेवग्याची पानं, बाजरीची भाकर, कळण्याची भाकर, शेंगदाणे-गूळ हे खा, सोबत लिंबू पिळा म्हणजे लोह अंगाला लागतं. आणि जेवणावर लगेच चहा पिऊ नका, लोहाच्या गोळीवर तर बिलकुल नाही, आपल्याकडे हीच खोड आहे. पण एचबी सात असेल तर भाकरीने वर येणार नाही, लाल गोळ्याच घ्याव्या लागतात, आणि त्याने शौचाला काळी होते, घाबरू नका.

पहिल्या पाळीनंतर किंवा महिना-सव्वा महिन्याने एकदा दाखवून या. ही फेरी कोणी करत नाही. प्लीज करा.

दोरा कसा तपासायचा

तांबी निसटून बाहेर यायची शक्यता पहिल्या वर्षात शंभरात दोन ते दहा जणींना, आणि बहुतेक वेळा पाळीत, पॅडसोबत किंवा संडासात, कळतही नाही. म्हणून दर पाळी संपल्यावर एकदा दोरा बघायचा. हात साबणाने धुवा, नखं कापलेली पाहिजेत, उकिडवं बसा, मधलं बोट हळूच आत वर मागच्या बाजूला न्या. नाकाच्या शेंड्यासारखं घट्ट काहीतरी लागतं, ते पिशवीचं तोंड. त्याच्यातून मासे धरायच्या गळाच्या दोऱ्यासारखं बारीक काहीतरी बोटाला लागेल, ते दोरे. लागले की बस, ओढायचे नाहीत.

दोरा लागलाच नाही, एकदम लांब वाटला, किंवा कडक प्लॅस्टिकचं टोक बोटाला लागलं, तर निरोध वापरायला सुरुवात करा आणि दाखवा. दोरा न लागणं म्हणजे तांबी गेलीच असं नाही, कधी कधी तो वर ओढला जातो, सोनोग्राफीत तांबी जागेवर दिसते. डिलिव्हरीनंतर लगेच बसवलेल्यांना तर सुरुवातीचे काही आठवडे दोरा लागतच नाही, नंतर खाली येतो.

बोट घालायला किळस वाटते, लाज वाटते, माहितीय, मला पण दोन महिने लागले. जमतच नसेल तर दर सहा महिन्यांनी सिस्टरकडून बघून घ्या, पण काहीच न बघता वर्षानुवर्षं राहू नका.

नवऱ्याला टोचतं अशी तक्रार येते. दोरे काही दिवसांनी मऊ होतात. तरी टोचत असतील तर डॉक्टर नीट करून देतात, अगदी बारीक कापायला लावू नका, बारीक कापलेलं टोकच जास्त टोचतं. मेन्स्ट्रुअल कप वापरणाऱ्या मुली आता आपल्याकडे पण आहेत, त्यांनी कप काढताना आधी बाजूने दाबून हवा सोडायची, सरळ ओढला तर दोरा सोबत येऊ शकतो.

पळत जायची वेळ

पाळी चुकली तर आधी टेस्ट करा. तांबी असून दिवस राहणं विरळच, पण राहिले तर गर्भ नळीत अडकलाय का हे लगेच बघावं लागतं, नळी फुटली तर जीवावरचं दुखणं आहे. पाळी चुकलीय आणि एका बाजूला ओटीपोटात जोरात दुखतंय, खांदा दुखतोय, चक्कर येतेय, तर घरातले कामं आटोपून मग जाऊ असं करायचं नाही, १०८ ला फोन करायचा. ताप, ओटीपोटात सतत दुखणं, अंगावरून घाण वासाचं जाणं, हे इन्फेक्शनचं, आणि त्याचा धोका बसवल्यानंतरच्या पहिल्या वीस दिवसांत जास्त असतो.

"चढी जास" बद्दल. छातीत, काळजात, डोक्यात तांबी जात नाही, रस्ताच नाही. हजारात एखादीला बसवताना पिशवीला भोक पडून ती पोटात सरकते, मग दुर्बिणीतून काढतात. एवढंच त्यातलं खरं. कॅन्सर होत नाही.

आणि तांबी एड्स किंवा गुप्तरोगापासून वाचवत नाही. नवरा महिनोन् महिने बाहेर कामाला असतो, ट्रकवर असतो, आणि मनात शंका असेल, तर तांबी असली तरी निरोध वापरा. हे बोलणं अवघड आहे पण लिहायला तरी अवघड नको.

काढायची कशी

दवाखान्यात दोरा धरून ओढतात, टी चे हात वर मिटतात आणि बाहेर येते, मिनिटभराचं काम, बसवण्यापेक्षा कितीतरी सोपं. घरी स्वतः ओढू नका. काढल्यावर लगेच दिवस राहू शकतात, म्हणजे मूल हवं असेल तर थांबायची गरज नाही आणि नको असेल तर त्याच दिवसापासून दुसरं साधन. मुदत संपली आणि अजून हवी असेल तर जुनी काढून त्याच वेळी नवी बसवतात, मधे गॅप लागत नाही. कारण सांगायला पण तुम्ही बांधील नाही. "अजून थोडे दिवस बघा" असं एकदा म्हणणं ठीक, पण तुम्ही काढा म्हटलं की काढायलाच पाहिजे.

पाळी कायमची गेली की वर्षभराने काढून घ्यायची, आत राहू देऊ नका. फुईला मी आखाजीच्या तिसऱ्याच दिवशी घेऊन गेले. दोरा काही सापडेना, इतक्या वर्षांत कुठे तुटला कोण जाणे. सोनोग्राफीत मात्र दिसली, जागेवरच होती. मॅडमनी आत चिमटा घालून काढली, फुईने माझा हात असा दाबला की बांगडी फुटली. मग ट्रेमध्ये बघून म्हणे, "इतलुशीच व्हती का व ती?" आणि बाहेर येऊन रसवंतीवर दोन ग्लास रस प्यायली.

ओट्यावरच्या त्या तिघींपैकी दोघींनी नंतर केसपेपर शोधले. एकीची १० वर्षांची निघाली, ती खुश. दुसरीला कागदच सापडला नाही, तिला म्हटलं बसवलेल्या दवाखान्यात रजिस्टर असतं, वर्ष-महिना सांग, काढून देतात, आणि तिथे पण नाही सापडलं तर डॉक्टरांशी बोलून जुनी काढ आणि नवी बसव. माझी दुसरी २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये बसवली, ३८०ए, म्हणजे २०३१ चा नोव्हेंबर. कार्ड रेशन कार्डाच्या पिशवीत आहे, फोटो मोबाईलमध्ये, आणि कपाटाच्या दाराला आतून चिठ्ठी चिकटवलीय, "काढायची", एवढंच लिहिलंय. नवऱ्याने दोनदा विचारलं काय काढायचीय.